हृदय अचानक बंद पडले तर : पहिली दहा मिनिटे घरच्यांची

गेल्या वैशाखातली गोष्ट. आमच्या तालुक्यातल्या एका गावी लग्न होते. भर दुपारची पंगत बसली होती. वधूचे मामा, प्राथमिक शाळेतले शिक्षक, वय चौपन्न, मठ्ठ्याचा जग घेऊन पंगतीत फिरत होते. चालता चालता थांबले, जग हातातून सुटला आणि ते जागीच कोसळले. छातीत दुखते असे म्हणाले नाहीत, की कुणाला हाक मारली नाही.

मांडवात दोन-तीनशे माणसे होती. सगळी धावली. कुणी म्हणाले ऊन लागले, कुणी वारा घातला, कुणी तोंडात पाणी ओतले. हातपाय थोडे झटकले गेले तेव्हा 'फिट आली' म्हणून चप्पल नाकाशी धरली, कांदा फोडून हुंगवला. कुणाच्या तरी खिशात सॉर्बिट्रेटची गोळी होती, ती जिभेखाली सरकवली. मधूनमधून ते तोंड उघडून श्वास ओढत होते, त्यामुळे 'श्वास चालू आहे, घाबरू नका' असे लोक एकमेकांना सांगत होते. मग जीप आली. मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये बसवून, मान सावरत, नऊ किलोमीटरवरच्या माझ्या दवाखान्यात आणले. कोसळल्यापासून अर्धा तास होऊन गेला होता. माझ्या हाती करण्यासारखे काही उरले नव्हते.

तेराव्यानंतर त्यांचा मुलगा भेटायला आला. चोवीस-पंचवीसचा, शिकलेला. बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "डॉक्टरकाका, आम्ही काय करायला पाहिजे होतं?"

वाचकहो, गेली अठ्ठावीस वर्षे मी या भागात दवाखाना चालवतो. हृदयविकाराच्या शेकडो रुग्णांना गोळ्या लिहून दिल्या, मीठ कमी करा, तंबाखू सोडा असे सांगितले. पण 'यांचे हृदय एखाद्या दिवशी अचानक बंद पडले तर घरच्यांनी काय करायचे' हे मी एकाही घराला समजावून सांगितले नव्हते. त्या मुलाला जे सांगितले तेच आज सविस्तर लिहितो. लेख घरात मोठ्याने वाचावा, सर्वांनी ऐकावा, ही विनंती.

झटका वेगळा, बंद पडणे वेगळे

आपल्याकडे दोन्हींना 'हार्ट ॲटॅक' असा एकच शब्द वापरतात. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद होते. विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपात गाळ अडकावा, तसे. छातीत दाबल्यासारखे दुखते, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाते, दरदरून घाम फुटतो, जीव घाबरा होतो. पण रुग्ण शुद्धीवर असतो, बोलतो, हृदय चालू असते. अशा रुग्णाला चालू न देता, वेळ न दवडता ईसीजी होईल अशा दवाखान्यात न्यायचे असते.

हृदय अचानक बंद पडते तेव्हा बिघाड विजेचा असतो. आपल्या हृदयात एक नैसर्गिक विद्युतप्रवाह असतो. त्याच्या तालावर हृदय मिनिटाला साठ ते शंभर वेळा आकुंचन पावते. हा ताल एकाएकी बिघडतो आणि हृदय ठोके देण्याऐवजी नुसते थरथरू लागते. वैद्यकीय भाषेत याला 'व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन' म्हणतात. विजेचा दाब कमी झाला की मोटार नुसती घूंऽघूं करते, पाणी मात्र पडत नाही; तसाच हा प्रकार. रक्ताभिसरण त्या क्षणी थांबते. दहा-पंधरा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो, नाडी लागत नाही.

मोठ्या माणसांत याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे झटकाच. झटका आला आणि त्यातून हृदय बंद पडले, असे होते. पण पूर्वीच्या झटक्याने स्नायूवर राहिलेला व्रण, हृदयाच्या स्नायूचे जन्मजात आजार, शेतातल्या मोटारीचा विजेचा धक्का, विहिरीत किंवा शेततळ्यात बुडणे, अंगावर वीज पडणे, घशात घास अडकणे, अशा कारणांनीही हृदय थांबते. म्हणून 'आमच्या घरात कुणाला हृदयविकार नाही' असे म्हणून हा लेख बाजूला ठेवू नये.

मिनिटांचा हिशेब

रक्तपुरवठा थांबल्यावर सर्वांत आधी नासाडी होते ती मेंदूची. चार-पाच मिनिटांनंतर मेंदूच्या पेशी कायमच्या निकामी होऊ लागतात. काहीच केले नाही तर रुग्ण वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे दहा मिनिटे नुसते पाहत राहिलो, तर जवळजवळ सगळे संपते.

आता आपल्याकडचा हिशेब करा. महाराष्ट्रात २०१४ सालापासून १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका सेवा आहे. तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण गाडी कितीही तत्पर असली, तरी वाडीवस्तीपर्यंत यायला तिला रस्ता कापावाच लागतो. शहरातसुद्धा दहा मिनिटे सहज जातात, खेडेगावात वीस-तीस. डॉक्टर शेजारच्या गल्लीत असला, तरी निरोप जाऊन तो चपला घालून येईपर्यंत पाच मिनिटे होतात.

म्हणजे ही पहिली मिनिटे डॉक्टरच्या हातातली नाहीत. ती त्या क्षणी जवळ असलेल्या माणसाची आहेत, मग ती बायको असो, मुलगा असो, शेजारी असो की एस.टी.तला सहप्रवासी.

ओळखायचे कसे?

दोनच गोष्टी पाहायच्या. नाडी शोधत बसू नका. अननुभवी माणसाला ती नीट कळत नाही आणि शोधण्यात वेळ जातो.

पहिली गोष्ट : खांद्यावर जोराने थापटून हाक मारा. डोळे उघडतो का, कण्हतो का, हात हलवतो का?

दुसरी गोष्ट : छातीकडे आणि पोटाकडे दहा सेकंद पाहा. नेहमीसारखा, एका लयीत श्वास चालू आहे का?

हाकेला प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर हृदय बंद पडले असे समजून पुढच्या कामाला लागा.

येथे एक फसगत होते, ती नीट समजून घ्या. हृदय बंद पडल्यावरही पहिली काही मिनिटे रुग्ण मधूनमधून तोंड वासून श्वास ओढतो, घशातून घुरघुर आवाज येतो. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे, 'आचके'. आचके म्हणजे श्वास नव्हे. मेंदूला रक्त मिळत नसल्याची ती खूण आहे. मांडवात सगळ्यांना 'श्वास चालू आहे' असे वाटले ते या आचक्यांमुळेच. तसेच कोसळल्याबरोबर काही सेकंद हातपाय झटकले जाऊ शकतात, ते पाहून लोक फिट समजतात. झटके थांबल्यावर लगेच श्वास पाहा. फिटच्या रुग्णाचा श्वास पुन्हा सुरू होतो, घोरल्यासारखा का होईना, पण लयीत चालतो. हृदय बंद पडलेल्याचा तसा चालत नाही.

काय करायचे?

१) मदत बोलवा. मोठ्याने ओरडून माणसे गोळा करा. एकाला बोट दाखवून सांगा, "तू १०८ ला फोन लाव." 'कुणीतरी फोन करा' असे म्हटले की कुणीच करत नाही, हा माझा अनुभव आहे. तुम्ही एकटेच असाल तर मोबाइलचा स्पीकर चालू करून फोन बाजूला ठेवा, म्हणजे हात मोकळे राहतात. ११२ हा क्रमांकही चालतो. 'माणूस बेशुद्ध आहे, श्वास नाही' हे शब्द आधी सांगा आणि मग पत्ता, जवळची खूण सांगा.

२) रुग्णाला कठीण जागी उताणे झोपवा. जमीन, फरशी, ओटा चालेल. गादीवर किंवा बाजेवर दाब दिला तर गादीच दबते, छाती दबत नाही. पलंगावर असेल तर दोघांनी उचलून खाली घ्या.

३) छातीजवळ गुडघे टेकून बसा. एका तळहाताची टाच, म्हणजे मनगटाजवळचा जाड भाग, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवा. साधारण दोन स्तनाग्रांच्या मध्ये ही जागा येते. डाव्या बाजूला नव्हे, बरोबर मध्ये. दुसरा हात त्यावर ठेवून बोटे गुंफा.

४) कोपर ताठ ठेवा. खांदे हातांच्या बरोबर वर येऊ द्या. आता कंबरेतून वाकून सगळ्या अंगाचा भार देत छाती खाली दाबा. दोन इंच, म्हणजे ५ ते ६ सेंटिमीटर. नुसत्या मनगटाच्या जोराने हे होत नाही आणि दोन मिनिटांत हात भरून येतात.

५) प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, पण हात उचलू नका. छाती वर येताना हृदयात रक्त भरते, दाबताना ते मेंदूकडे जाते. ताक घुसळताना दोरीची दोन्ही टोके सारखी ओढावी लागतात, तसे दाबणे आणि सोडणे या दोन्हींना सारखेच महत्त्व आहे.

६) वेग मिनिटाला १०० ते १२०. म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन दाब. मोठ्याने 'एक, दोन, तीन' असे मोजत राहा. तीसपर्यंत मोजून पुन्हा एकपासून सुरू करा.

७) दर दोन मिनिटांनी माणूस बदला. दमलेल्या माणसाचे दाब उथळ पडतात आणि त्याला ते कळत नाही. बदल करताना खंड पडू देऊ नका. पुढचा माणूस समोरच्या बाजूला तयार बसलेला असावा.

८) रुग्ण हालचाल करू लागेपर्यंत, नीट श्वास घेऊ लागेपर्यंत किंवा रुग्णवाहिकेतले डॉक्टर 'आता आम्ही बघतो' म्हणेपर्यंत थांबू नका.

तोंडाने श्वास द्यायलाच हवा का, असे पुष्कळ जण विचारतात. मोठा माणूस एकाएकी कोसळला असेल, तर पहिली काही मिनिटे त्याच्या रक्तात प्राणवायू शिल्लक असतो, फक्त ते रक्त फिरवायचे असते. त्यासाठी नुसते छातीवरचे दाब पुरेसे आहेत. आपल्या देशातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सामान्य नागरिकांसाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या, त्यातही केवळ दाब देण्याचीच पद्धत सांगितली आहे. बुडालेला माणूस आणि लहान मुले यांची गोष्ट वेगळी. तेथे श्वास आधी थांबलेला असतो आणि रक्तातला प्राणवायू संपलेला असतो. हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून आधी दोन श्वास द्यावेत, मग ३० दाब, पुन्हा दोन श्वास, असा क्रम ठेवावा. लहान मुलाला एका तळहाताने आणि तान्ह्या बाळाला दोन अंगठ्यांनी दाब द्यायचा. खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, बाळात सुमारे दीड इंच. बुडालेल्याला उलटे टांगून गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे या जुन्या रीतींत मोलाची मिनिटे जातात आणि ओकारी श्वासनलिकेत शिरते.

विजेच्या धक्क्यात आधी मेन स्विच बंद करा. चिकटलेल्या माणसाला हात लावला तर एकाचे दोन होतात.

ही पद्धत आली कुठून?

१९६० सालापूर्वी बंद पडलेले हृदय चालू करायचे म्हणजे सर्जनने छाती फाडून हृदय हातात धरून दाबायचे, एवढाच मार्ग होता. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत विल्यम कौवेनहोवेन नावाचे विद्युत अभियंते हृदयाला विजेचा धक्का देण्याचे प्रयोग कुत्र्यांवर करत होते. त्यांचे सहकारी गाय निकरबॉकर यांच्या ध्यानात आले की, धक्क्याची जड यंत्रे छातीवर जोराने टेकवली की वीज सोडण्यापूर्वीच रक्तदाब थोडा वाढतो. नुसत्या दाबाने रक्त फिरते, हे त्यातून कळले. शल्यविशारद जेम्स ज्यूड यांच्यासह त्यांनी १९६० साली ही पद्धत प्रसिद्ध केली. ना औषध लागते, ना उपकरण. दोन हात लागतात. आज सहा दशकांनंतरही उपचार तोच आहे.

दाब देऊन हृदय बहुधा आपोआप सुरू होत नाही, हेही सांगितले पाहिजे. उत्तम दाबांनी नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या पाव ते एक तृतीयांश एवढाच प्रवाह चालतो. पण तेवढ्यावर मेंदू तग धरतो. थरथरणारे हृदय ताळ्यावर आणायला विजेचा धक्का लागतो. त्यासाठी 'एईडी' नावाचे लहान पेटीएवढे यंत्र मिळते. पेटी उघडून दोन चिकटपट्ट्या उघड्या छातीवर लावल्या की यंत्र स्वतः हृदयाचा ताल तपासते, काय करायचे ते बोलून सांगते आणि गरज नसेल तर धक्का देतच नाही. मोठ्या विमानतळांवर ही यंत्रे भिंतीवर लावलेली असतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती रुग्णवाहिकेबरोबर किंवा रुग्णालयातच भेटतात. तोवर हृदयाचे काम आपल्या हातांनी करायचे.

काय करू नये?

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, लिंबू-साखर, गोळी काहीही घालू नका. गिळण्याची शक्ती नसते, सगळे श्वासनलिकेत जाते. सॉर्बिट्रेट शुद्धीवर असलेल्या रुग्णाला, तीसुद्धा त्याच्या डॉक्टरांनी सांगितली असेल तरच द्यावी. ती रक्तदाब उतरवते, बंद हृदयाला तिचा काही उपयोग नाही.

कांदा, चप्पल, अत्तर, तळपाय चोळणे यात वेळ घालवू नका.

'एकटे असताना झटका आला तर जोरजोराने खोका, हृदय चालू राहील' असा एक निरोप मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यावर विसंबू नका. छातीत दुखू लागले की खोकत बसण्यापेक्षा दार उघडे करा, १०८ ला फोन लावा आणि शेजाऱ्याला हाक मारा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. रुग्णाला घाईघाईने गाडीत बसवू नका. बसलेल्या माणसाला दाब देता येत नाही. जेथे पडला तेथेच, तत्काळ दाब सुरू करा. रुग्णवाहिका येणारच नसेल, दुर्गम वस्ती असेल, तर टेंपो किंवा पिकअपच्या पाट्यावर उताणे झोपवून वाटेतही दाब चालू ठेवा. हे अवघड आहे, पण मान सावरत बसवून नेण्यापेक्षा कितीतरी बरे.

वाचकांच्या नेहमीच्या शंका

हृदय चालू असताना चुकून दाबले तर? शुद्ध असलेला किंवा शुद्धीवर येणारा माणूस कण्हेल, तुमचा हात ढकलेल. तेव्हा थांबा. अशा चुकीने गंभीर इजा होणे क्वचितच घडते. न दाबण्याने मात्र माणूस जातो.

बरगडी मोडली तर? मोडू शकते, विशेषतः म्हाताऱ्या माणसांची. 'कट्' असा आवाज आला तरी घाबरून थांबू नका. बरगडी महिना-दीड महिन्यात जुळते.

बाईमाणूस असेल तर? हा संकोच मी प्रत्यक्ष पाहिला आहे. बाजारात एक बाई कोसळली, भोवती पन्नास पुरुष उभे, हात लावायला कुणी तयार नाही. जवळपासच्या बायका याव्यात म्हणून हाक जरूर मारा, पण त्यांची वाट पाहत बसू नका. साडीच्या पदरावरून, कपड्यांवरूनच दाब देता येतो. आपली आई-बहीण तेथे असती तर लोकांनी काय करावे असे वाटले असते, तेच करा.

पोलिसांचे लचांड मागे लागेल का? रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बजावले आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात तशी तरतूदही झाली. जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला आपल्या फौजदारी कायद्यातही संरक्षण आहे.

शिकवले की फरक पडतो

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे युरोपियन फुटबॉल स्पर्धेचा डेन्मार्क-फिनलंड सामना चालू असताना डेन्मार्कचा खेळाडू ख्रिश्चन एरिक्सन मैदानावर कोसळला. वय एकोणतीस. जगभर लोकांनी ते दूरदर्शन संचावर पाहिले. तत्काळ छातीवर दाब सुरू झाले, एईडीचा धक्का दिला गेला आणि तो मैदानावरच शुद्धीवर आला. पुढच्या वर्षी तो पुन्हा खेळू लागला. आपल्या मराठी प्रेक्षकांना परिचित असलेले अभिनेते श्रेयस तळपदे यांनाही डिसेंबर २०२३ मध्ये चित्रीकरणानंतर झटका आला. आपले हृदय काही मिनिटे बंद पडले होते, दाब आणि विजेचे धक्के देऊन डॉक्टरांनी परत आणले, असे त्यांनी स्वतःच मुलाखतीत सांगितले.

कुणी म्हणेल, मैदानावर डॉक्टर हजर होते, आपल्या गल्लीत कोण असणार? त्याचेही उत्तर डेन्मार्कमध्येच आहे. त्या देशाने २००५ साली शाळेत आणि २००६ साली वाहन परवाना घेताना हे शिक्षण सक्तीचे केले. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी २००१ साली पाचात एकालाच आजूबाजूच्या माणसांकडून दाब मिळत होते. २०१० साली हे प्रमाण शंभरात ४५ वर गेले. त्याच काळात महिनाभरानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण शंभरात साडेतीनवरून जवळजवळ अकरावर गेले. म्हणजे तिप्पट. त्या काळात इतर सुधारणाही झाल्या, सगळे श्रेय एकट्या शिक्षणाचे नव्हे. तरीही शाळेतली पोरे आणि गाडी चालवणारी साधी माणसे शिकली, याचा त्यात वाटा आहे.

शंभरात अकरा म्हणजे एकोणनव्वद गेले, हेही आपण पाहिले पाहिजे. सर्व काही बिनचूक करूनही बहुतेक वेळा माणूस वाचत नाही. ज्यांनी प्रयत्न केला आणि यश आले नाही, त्यांनी स्वतःला दोष देऊ नये.

घराची तयारी

आपल्याकडे म्हण आहे, तहान लागल्यावर विहीर खणणे. संकटाच्या वेळी डोके चालत नाही. आधी ठरवलेले, एकदा तरी करून पाहिलेले तेवढेच हातून घडते. म्हणून पुढील गोष्टी याच आठवड्यात करा.

घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये १०८ आणि ११२ कसे लावायचे, हे आजी-आजोबांसह सर्वांना दाखवा.

पत्ता एका कागदावर ठळक लिहून दाराजवळ भिंतीला लावा : घर, गल्ली, जवळची खूण, तालुका. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही आठवत नाही. घरच्या रुग्णाच्या गोळ्यांची नावे त्याखाली लिहा.

कामे वाटून ठेवा. दाब कोण देणार, फोन कोण करणार, मोटारसायकल घेऊन चौकात जाऊन रुग्णवाहिकेला वाट कोण दाखवणार, बाहेरचा दिवा आणि फाटक कोण उघडणार. घरात दोघेच असाल, तर शेजारच्या घराशी बोलून ठेवा. रात्री हाक मारली तर कोण येईल, हे आजच ठरवा.

सराव करा. एक घट्ट भरलेली उशी किंवा गहू भरलेली छोटी गोणी जमिनीवर ठेवा आणि घड्याळ लावून दोन मिनिटे दाब द्या. किती दमायला होते ते कळेल. जिवंत, धडधाकट माणसाच्या छातीवर सराव मात्र कधीही करू नका.

लेख वाचून कल्पना येते, हात बसत नाही. त्यासाठी पुतळ्यावर शिकले पाहिजे. जिल्हा रुग्णालय, डॉक्टरांची स्थानिक संघटना, रेडक्रॉसची शाखा यांच्याकडे चौकशी करा. दहा-पंधरा माणसे जमली की शिकवणारा येतो. गणेश मंडळे, तालमी, महिला बचत गट, एस.टी. आगार, मंगल कार्यालयांचे मालक यांनी हे मनावर घ्यावे. एईडी यंत्र लाखाच्या आसपास मिळते. मिरवणुकीच्या आवाजावर आपण किती खर्च करतो, ते मंडळांना मी सांगायला नको.

आणि जेथे धोका आधीच दिसतो, तेथे डोळेझाक नको. चालताना छातीत दाबल्यासारखे होणे, खेळताना किंवा कष्ट करताना चक्कर येऊन पडणे, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काही असेल तर तपासणी करून घ्या. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांविषयी या सदरात वेळोवेळी लिहिलेच आहे.

त्या मुलाविषयी

"आम्ही काय करायला पाहिजे होतं?" या प्रश्नाचे उत्तर ऐकून तो मुलगा रडला. मी त्याला म्हणालो, "तुम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवायचं काम आमचं होतं, तेव्हा दोष असेल तर तो आमच्याकडे आहे." दाब दिले असते तर त्याचे वडील वाचलेच असते, असे मी म्हणालो नाही. ते कुणीच सांगू शकत नाही. पण त्या अर्ध्या तासात त्यांना एकही संधी मिळाली नाही, एवढे खरे.

महिन्याभराने तोच मुलगा पुन्हा आला. वडील ज्या शाळेत शिकवत, तेथे त्याने गावातली चाळीस माणसे जमवली होती. मी एक पुतळा मागून नेला. सरपंच, पोस्टमन, अंगणवाडीच्या ताई, सातवीची मुले, सगळ्यांनी गुडघ्यावर बसून तीस-तीस दाब दिले. लग्नाच्या दिवशी जीप चालवणारा ड्रायव्हरही रांगेत होता. त्याने पुन्हा पुन्हा करून पाहिले.

आपल्या गल्लीत अशी चाळीस नसली तरी चार माणसे तयार होऊ द्या. त्यांपैकी एक आपल्या घरात असावा.

(पुढील आठवड्यात : छातीत दुखणे – पित्त की हृदय?)